राजीनामा

राजीनामा हा शब्द कानावर पडला आणि आमची आई रडू लागली. गोष्ट २०२४ सालच्या मार्च महिन्यातली. माडीवरच्या मधल्या खोलीत बसून मी वकीलसाहेबांशी फोनवर बोलत होतो. अलीकडे ऐकू जरा कमी येऊ लागल्यापासून फोनचा आवाज मोठा ठेवण्याची मला सवय लागली आहे. पलीकडून वकीलसाहेब म्हणाले, ''मास्साब, मेरी मानिए तो राजीनामा कर लीजिए. इसी में सबकी इज्जत है.'' आई शेजारच्या खोलीत पलंगावर पडून होती. फोन ठेवून मी आत गेलो, तो तिच्या डोळ्यांना धार लागलेली.

''अरे, इतकी वर्षं नोकरी केलीस, पेन्शन हाताशी आली आणि आता राजीनामा कशाला देतोस? माझ्या आजारपणापायी ना?''

तिची समजूत घालता घालता मलाच हसू येऊ लागले. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचा कागद. आमच्याकडच्या कोर्टकचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन केलेली तडजोड. शब्द एकच, पण एका घरात तो माणसाला बाहेर काढतो आणि दुसऱ्या घरात दोन माणसांना एका ओळीत सही करायला बसवतो. दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या वाचकांना असल्या गमती नव्या नाहीत. माझ्या खात्याला हिंदीत 'शिक्षा विभाग' म्हणतात आणि पुण्याहून येणारे पाहुणे दर खेपेला त्यावर तोच एक विनोद करतात. असो.

आई माहेरची मिरजेची. १९६१ साली लग्न होऊन ती लष्करात आली. साठ-बासष्ट वर्षांत तिचे हिंदी भाजीबाजार आणि मोलकरीण यांच्यापलीकडे फारसे गेले नाही. तरी कोर्टाची भाषा तिच्या कानावरून पुष्कळ गेलेली आहे. पेशी, तारीख, बेदखली, अपील हे शब्द तिला तोंडपाठ आहेत. राजीनामा मात्र तिने या अर्थाने कधी ऐकला नव्हता. वडिलांच्या तोंडी तो शब्द कधी आलाच नाही, कारण त्यांनी तो कधी केला नाही.

आता हे सारे प्रकरण नीट सांगायचे तर आधी घराविषयी सांगितले पाहिजे.

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि तो पुन्हा उठला नाही. तंबूंची घरे झाली, घरांचे शहर झाले, नाव मात्र लष्करच राहिले. सरदारांचे गोट जिथे होते, त्या जागांना आता हिंदीत 'गोठ' म्हणतात. वाड्याचा 'बाडा' झाला. आमचे घर चिटणीसांच्या गोठीजवळच्या एका गल्लीत आहे. पणजोबांनी बांधलेले. खाली चौक, चौकात तुळशीवृंदावन, तीन खोल्या आणि न्हाणीघर, वर माडी. वर जायला दगडी जिना. एकेक पायरी अशी उंच की, आमच्या पूर्वजांचे गुडघे कसले होते याचे मला नवल वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ ला मध्यभारत राज्य संपले. तोवर ग्वाल्हेर ही त्या राज्याची हिवाळ्यातली राजधानी. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. महालेखाकारांच्या कचेरीसारख्या काही मोठ्या कचेऱ्या इथेच राहिल्या, पण पुष्कळशा कचेऱ्या गेल्या आणि त्यांच्यामागे पुष्कळ मराठी बिऱ्हाडेही गेली. वाड्यावाड्यांतून खोल्या मोकळ्या पडू लागल्या. आमच्या आजोबांनी १९५८ साली खालच्या दोन खोल्या एका कारकुनाला महिना बावीस रुपयांनी दिल्या. कागद नाही, साक्षीदार नाही. ''माणूस बरा दिसतो,'' एवढाच करार.

माणूस बराच होता. पुढे काकांचे लग्न ठरले, जागेची गरज पडली आणि वडिलांनी खोल्या मागितल्या. तो नाही म्हणाला. १९७१ साली वडिलांनी दावा लावला.

आमच्याकडे १९६१ सालचा मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम आहे. त्याच्या बाराव्या कलमात भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणे एकामागून एक दिली आहेत: भाडे थकवले, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला राहण्यासाठी जागेची खरी गरज आहे, वगैरे. यांपैकी काही तरी सिद्ध केल्याशिवाय भाडेकरू निघत नाही, मग मुदत संपलेली असो वा नसो. तेराव्या कलमाप्रमाणे दावा चालू असताना भाडेकरूने दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मालकाला द्यायचे किंवा कोर्टात भरायचे. आमच्या भाडेकरूने ते इतक्या नेमाने भरले की, त्याच्या निम्म्या नेमाने माझे विद्यार्थी गृहपाठ आणतील तर मी धन्य होईन. वडील सायकलवरून इंदरगंजातल्या कोर्टात जात आणि बावीस बावीस रुपये काढून घेण्यासाठी अर्ज करीत. खालचे कोर्ट, वरचे कोर्ट, मग हायकोर्टाचे ग्वाल्हेर खंडपीठ. १९८९ साली खोल्या मिळाल्या. अठरा वर्षे. तोवर काका इंदूरला स्थायिक होऊन त्यांची मुले कॉलेजात गेली होती. ज्या गरजेसाठी दावा लावला ती गरजच उरली नव्हती.

वडिलांनी त्या खोल्यांना कुलूप लावले. ''कुलूप हाच उत्तम भाडेकरू,'' असे ते म्हणत. १९९६ साली ते गेले तेव्हाही कुलूप तसेच होते.

हे आमच्याच घरचे रडगाणे आहे असे नाही. भाडेनियंत्रणाचा जन्मच टंचाईतला. पहिल्या महायुद्धात घरमालकांनी भाडी भरमसाट वाढवली म्हणून मुंबईत १९१८ साली असा पहिला कायदा आला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठवली. ती गोठलेली भाडी आता वाजवी म्हणता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला डिसेंबर १९९७ उजाडला. मग महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. मधल्या पन्नास वर्षांत किती वाडे पावसात बसले आणि किती मालक-भाडेकरू एकाच जिन्यावरून एकमेकांकडे न पाहता चढले-उतरले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कायदा वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्या कारकुनाला बावीस रुपयांत छप्पर मिळाले आणि त्याने तीन मुली उजवल्या. पण त्या कायद्याने आमच्या घरातल्या माणसांच्या मनात एक भीती घालून ठेवली आणि ती भीती वारसाहक्काने माझ्याकडे आली, एवढे खरे.

२०२३ च्या पावसाळ्यात खालच्या खोल्यांच्या चौकटींना वाळवी लागलेली दिसली. बंद घराला माणसाचा श्वास लागतो, असे सुतार म्हणाला. घर भाड्याने द्यायचे ठरले. 'मराठी कुटुंबच हवे' असा आमचा हट्ट. तीन महिने वाट पाहिली. मराठी कुटुंब काही आले नाही. येणार कुठून? आमचीच मुले पुण्याला आणि बेंगळुरूला भाड्याची घरे शोधत हिंडतात. शेवटी भिंडकडचे एक कुटुंब आले. गल्लीतल्या चार जणांनी कानाशी लागून सांगितले, ''तिकडची माणसं, जरा जपून.'' मी त्यांना काही उत्तर दिले नाही, पण ते वाक्य मनात ठेवून घेतले, हे कबूल करतो. गृहस्थ एका खासगी कंपनीत वसुलीच्या कामावर. पत्नी, मुलगी, धाकटा मुलगा आणि म्हातारी आई, जिला सगळे अम्मा म्हणत. भाडे महिना आठ हजार, अनामत सोळा हजार, मुदत १ ऑक्टोबर २०२३ पासून अकरा महिने.

अकरा महिनेच का, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि खटाटोप वाचावा म्हणून अकरा महिने. अकरा महिन्यांच्या कागदाने भाडेकरू बाराव्या महिन्यात आपोआप निघतो, अशी जी समजूत आहे तिला आमच्या अधिनियमात काही आधार नाही. मलाही हे तेव्हा ठाऊक नव्हते. मी इतिहासाचा एम.ए., कायद्याचा नव्हे.

ऑक्टोबर बरा गेला. दिवाळीत अम्माने वर गुजिया पाठवल्या, आईने खाली चकल्या पाठवल्या. दिवाळी संपली आणि गृहस्थांचे तीन पुतणे गावाहून आले. सैन्यभरतीची तयारी करायला. करारात पाच माणसे, घरात आठ. पहाटे चार वाजता तिघे बूट आपटत पळायला जात. जिन्याखाली तीन मोटारसायकली. नळाला पाणी आले की ते टिल्लू पंप लावीत आणि वरच्या आमच्या टाकीत फक्त हवा येई. वृंदावनावर टॉवेल वाळत. भाडे पाच तारखेला ठरलेले. ते तेरा-चौदा तारखेला, तेही हप्त्याहप्त्याने, फोनवर तीन हजार, मग अडीच हजार, मग ''मास्साब, बाकी परसों''.

आता माझी बाजू. मी काय केले? मी भिंतीवर सूचना लावल्या. वळणदार अक्षरात, हिंदीत, क्रमांक घालून. 'जल प्रातः ६ से ६.२० तक.' 'वाहन सीढ़ी के नीचे रखना वर्जित है.' खाली सही आणि तारीख. दोन महिन्यांत अशा सात सूचना झाल्या. एकदा रागाच्या भरात पंपाचा मेन स्विच बंद करून मी शाळेत निघून गेलो. (पुढे वकीलसाहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. भाडेकरूचे पाणी-वीज मालकाने तोडणे हा त्या अधिनियमात गुन्हाच आहे. त्यांनी तक्रार केली असती तर मुख्याध्यापक ठाण्यात दिसले असते.) पत्नी एवढेच म्हणाली, ''अहो, तुम्ही घर भाड्यानं दिलंय, वर्ग भरवलेला नाही.'' मी ऐकले नाही. वडिलांची अठरा वर्षे माझ्या मानेवर बसली होती. त्या माणसांची प्रत्येक हालचाल मला घर बळकावण्याची पहिली पायरी वाटत होती.

११ जानेवारीला आई जिन्यावरून पडली. संक्रांतीचे तीळ उन्हात टाकायला खाली निघाली होती. मांडीचे हाड खुब्याशी मोडले. शस्त्रक्रिया झाली, २४ तारखेला घरी आणले. जिना पुढे उभा. स्ट्रेचर वळेना. तेव्हा ते तीन पुतणे धावत आले, आईला खुर्चीसकट उचलले आणि 'दादी, आँख बंद कर लो' म्हणत एका दमात माडीवर नेऊन ठेवले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई त्यांनी देवाच्या पालखीसारखी नेली.

डॉक्टर म्हणाले, पुढे वॉकर लागेल, जिना कायमचा बंद. न्हाणीघर एकाच पातळीवर हवे. म्हणजे खालच्या खोल्या हव्यात. २८ जानेवारीला, रविवारी, मी खाली गेलो आणि त्या गृहस्थांना १५ फेब्रुवारीपर्यंत घर सोडायला सांगितले. अजून सात महिने मुदत शिल्लक होती. आईचा आजार सांगितला, पण मागे भाड्याचा, माणसांचा, पंपाचा असा सारा पाढाही वाचला. गृहस्थ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, ''अगस्त तक का लिखा है आपने. आप ही के अक्षर हैं.''

आतून अम्मा बाहेर आली. म्हणाली, ''मास्साब, हमाई मौडी की दसवीं है.'' मौडी म्हणजे मुलगी. मध्यप्रदेश मंडळाची दहावी २०२४ साली ५ फेब्रुवारीला सुरू झाली. माझ्या स्वतःच्या शाळेत तिच्यासाठी बाकांवर क्रमांक टाकण्याचे काम चालू होते. बारा आठवडे मी त्या मुलीला चौकात पाटीएवढी वही मांडीवर घेऊन बसलेली पाहत होतो, आणि ती कोणत्या इयत्तेत आहे हे मी कधी विचारले नव्हते.

मला त्या क्षणी जिना चढून परत जायला हवे होते, आणि परीक्षा झाल्यावर बोलू म्हणायला हवे होते. मी तसे केले नाही. 'विचार करा' असे काहीसे पुटपुटून आलो आणि चार दिवसांनी लेखी पत्र दिले. त्यांनी फेब्रुवारीचे भाडे दिले नाही. मार्चचेही नाही. ''अनामत में से काट लीजिए.'' जिन्यावर भेट झाली तर नमस्कार बंद.

वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली थकबाकीची: नोटीस द्या, दोन महिने थांबा, तेवढ्यात त्याने पैसे भरले तर विषय संपला. दुसरी खऱ्या गरजेची: दावा, साक्षी, अपील, आणि वर तुमच्याकडे माडी आहेच, हा त्यांचा प्रश्न. तिसरी वाट जवळची. १९८३ साली या अधिनियमात एक नवे प्रकरण घातले गेले. निवृत्त सरकारी नोकर, अपंग, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री अशा मालकांना नेहमीच्या कोर्टात न जाता भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे थेट अर्ज करता येतो, तिथे भाडेकरूला लढायलासुद्धा आधी परवानगी मागावी लागते. घर आईच्या नावे. ''माताजी विधवा हैं, बस, काम बन गया,'' वकीलसाहेब उत्साहाने म्हणाले.

अर्ज तयार करून मी आईपुढे सहीसाठी धरला. तिने चष्मा मागितला. पहिली ओळ हिंदीत होती, पण तो एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच. तिने कागद परत दिला.

''हे नको.''

''आई, फक्त कायद्याची भाषा आहे ती.''

''अठ्ठावीस वर्षं झाली, मी कुणापुढे हा शब्द लावून काही मागितलेलं नाही. घर माझं आहे म्हणून मागायचं असेल तर माग. आणि ज्यांनी मला खुर्चीतून वर आणलं, त्यांना बाहेर काढायला मी विधवा झाले का?''

मी त्या वेळी तिच्यावर चिडलो. कायदा तिच्यासाठी दार उघडून उभा होता आणि ती त्यातून जायला नाही म्हणत होती. आजही मला वाटते की, त्या तरतुदीत अपमानाचे काही नाही. असंख्य एकट्या बायकांना तिचा आधार झाला असेल. पण सही तिची होती.

त्यानंतर आला तो फोन, आणि तो राजीनामा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १११ व्या कलमात भाडेपट्टा कोणकोणत्या रीतीने संपतो ते दिले आहे. त्यातली एक रीत अशी की, भाडेकरू परस्पर संमतीने आपला हक्क मालकाकडे परत करतो. मुदत उरली असली तरी. दोघे राजी असतील तर कायद्याची आडकाठी नाही. वकीलसाहेबांनी वर एक मोलाची गोष्ट सांगितली. नुसत्या 'घर सोडीन' अशा कागदावर विसंबू नका. त्याने सोडले नाही तर फिरून कोर्टच. सही आज, पैसे किल्ली हातात पडल्यावर. आणि तारखेनंतर त्याच्याकडून एक रुपयाही भाडे म्हणून घेऊ नका, नाहीतर नवी भाडेदारी सुरू झाली असे तो म्हणेल.

आईच्या रडण्याची हकीकत मोलकरणीने खाली पोचवली. दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मा जिना चढून वर आली, प्रत्येक पायरीवर बसत बसत. मी शाळेत होतो. हे पत्नीने सांगितले. दोघी म्हाताऱ्या त्या शब्दावर पदर तोंडाला लावून हसल्या. एकीचे भिंडकडचे हिंदी, दुसरीचे मिरजेचे मराठी. तासभर बोलल्या. अम्माने आईच्या पायाला तेल लावून दिले. आणि जाताना म्हणाली, मौडीची परीक्षा झाली, आता आम्हाला जायचेच आहे. पण मास्साबनी भिंतीवर लिहून लिहून आमच्या मुलाला चोर केले, तो आता हट्टाला पेटलाय. त्याला वर बोलवा, खाली येऊन उभे राहू नका.

मी बोलावले. चहा झाला. पहिल्या बैठकीत त्यांची मागणी: तीन महिन्यांचे भाडे माफ, सगळी अनामत परत, वर सामान हलवायला दहा हजार. माझे तोंड पाहण्यासारखे झाले असेल. भाडे थकवणाऱ्याला वर बक्षीस! मी उठलोच होतो. गृहस्थ म्हणाले, ''मेरे सात महीने आप ले रहे हैं, मास्साब. नया मकान, नई अनामत, दलाल का एक महीना. मैं कहाँ से लाऊँ?'' हा हिशेब मी केलेलाच नव्हता. करार मोडत होतो मी, आणि ऐट मात्र करार पाळणाऱ्याची.

रात्री आई म्हणाली, ''तुझ्या वडिलांच्या केसमध्ये भाडं किती मिळालं रे एकूण?'' मी मांडून पाहिले. अठरा वर्षे, महिना बावीस: चार हजार सातशे बावन्न रुपये. वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट. ''आणि त्यांची सायकल?'' ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

तिसऱ्या बैठकीत जमले. फेब्रुवारीचे आठ हजार अनामतीतून कापायचे, मार्च-एप्रिल माफ, ३० एप्रिलला किल्ली आणि त्याच वेळी उरलेले आठ हजार रोख. टेंपोचे भाडे निम्मे निम्मे. स्टॅम्प पेपरवर हिंदीत लिहिले: भाडेदारी दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने ३० एप्रिल २०२४ ला समाप्त, त्यापुढे कोणाचे कोणाकडे काही येणे नाही. दोन साक्षीदार. आईसाठी मी ते मराठीत वाचून दाखवले. तिने वळणदार मराठीत सही केली. त्या गृहस्थांनीही ते ऐकले आणि म्हणाले, ''राजीखुशी तो मराठी में भी राजीखुशी ही है.''

एप्रिलच्या मध्यावर एका अनोळखी नंबरावरून फोन आला. थाटीपूरचे एक निवृत्त गृहस्थ. आमचे भाडेकरू त्यांच्याकडे घर पाहून आले होते. ''आप हेडमास्टर हैं, आपकी बात का भरोसा है. कैसे लोग हैं?''

खरे सांगायचे तर या सगळ्या प्रकरणातला हाच क्षण मला सर्वांत जड गेला. 'उत्तम' म्हटले तर माझे घर सुटत होते आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात मी माझी अडचण बांधत होतो. खरे म्हटले तर अम्मा, ती मुलगी आणि तिची दहावी पुन्हा रस्त्यावर. वर्गात चारित्र्याचे दाखले मी हजारोंनी लिहिले आहेत. त्यांत 'उत्तम' हाच एक शब्द छापलेला असतो, आपण फक्त नाव भरतो. इथे छापील कागद नव्हता. मी म्हणालो, भाडे दहा दिवस उशिरा येते, पण माझ्याशी बिघडेपर्यंत एकदाही बुडाले नाही. कागदावर पाच असतील तर घरात आठ धरा. पहाटे मुले पळायला जातात. पाण्याचे आधी ठरवून घ्या. आणि तुमच्याकडे कोणी आजारी पडले तर त्यांना हाक मारा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारले, ''तो आप क्यों हटा रहे हैं?'' मी आईचे सांगितले. एवढेच सांगितले, माझ्या सात सूचनांचे सांगितले नाही. ते अपुरे होते, हे मला तेव्हाही कळत होते.

त्यांनी घर दिले.

२४ एप्रिलला दहावीचा निकाल लागला. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली आणि पेढे घेऊन वर आली. सामाजिक विज्ञानात तिला किती, ते मी विचारले. तिने सांगितले आणि म्हणाली, ''सर, आपके नोटिस पढ़-पढ़ के मेरी राइटिंग सुधर गई.'' ती थट्टा होती की खरे, मला अजून ठरवता आलेले नाही.

३० एप्रिलला टेंपो आला. मी खोल्या पाहिल्या. एका चौकटीचा गिलावा पडलेला, स्वयंपाकघरात तेलाचे डाग, बाकी ठीक. वाळवी नव्हती. गृहस्थांनी किल्ल्या दिल्या, मी मोजून आठ हजार दिले, ताबा मिळाल्याच्या पावतीवर दोघांच्या सह्या झाल्या. अम्माला वर यायचे होते, पण तिच्याने जिना झाला नाही. आईला माडीच्या खिडकीपाशी खुर्चीत बसवले. दोघींनी वरून खालून हात जोडले. टिल्लू पंप त्यांनी नेला, माझ्या सूचना भिंतीवर तशाच ठेवल्या. डिंक चांगला होता. त्या खरवडून काढायला मला दोन तास लागले.

ते तीन पुतणे मागे थांबले होते. सामान गेल्यावर त्यांनी आईचा पलंग खाली आणला आणि मग, पूर्वीसारखेच, आईला. या खेपेला तिने डोळे मिटले नाहीत.

मे महिन्याच्या मध्यावर खालच्या मीटरचे विजेचे बिल आले, एप्रिलचे, अकराशे चाळीस रुपये. राजीनाम्यात सगळे लिहिले होते, विजेचे बिल तेवढे राहून गेले होते. मी थाटीपूरला फोन लावायला घेतला. आई चौकात वॉकर धरून उभी होती. ''कुणाला लावतोस?'' तिने विचारले. मी फोन ठेवला आणि बिल भरून आलो.